मेलबर्न की अ‍ॅडलेड? रीजनल व्हिसाचा नीट हिशेब

प्रश्न : ऑस्ट्रेलियाला स्थलांतर करायचा विचार आहे. मी ३२ वर्षांचा आहे, आठ महिन्यांनी ३३ पूर्ण होतील. मुंबई विद्यापीठाचा बी. ई. सिव्हिल. रस्ते आणि ड्रेनेजच्या कामांत नऊ वर्षांचा अनुभव आहे. पत्नी ३१ वर्षांची, बी. एस्सी., बी. एड.; ठाण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवते. मुलगी चार वर्षांची. आयईएलटीएस मी एकदा दिली : ओव्हरऑल ७, पण रायटिंगला साडेसहा. दादरमधले एक कन्सल्टंट म्हणतात, ‘तुमचे ६५ पॉइंट्स होतात, ४९१ (रीजनल व्हिसा) टाकला की १५ वर, झाले ८०, काम होऊन जाईल.’ मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये राहणारा मावसभाऊ म्हणतो, ‘रीजनल घेऊ नका, कुठेतरी खेड्यात अडकाल. थांबा, पण थेट पीआर (कायमचं वास्तव्य) घेऊन मेलबर्नलाच या.’ बाजूला तीस लाख रुपये आहेत. डोंबिवलीतलं घर स्वतःचं आहे, कर्ज फिटत आलंय. रीजनल घ्यावं का? आणि जाताना घर विकावं का?

उत्तर : घ्यावं. तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आणि पत्नी गणिताची शिक्षिका, या दोघांसाठी रीजनल हा मागचा दरवाजा नाही. तुमच्या दोघांच्या कामाला तिथे खरी मागणी आहे. मात्र कन्सल्टंटचा ८० चा आकडा घेऊन अर्ज टाकू नका. आणि शहर निवडताना आधी ‘दोघांनाही नोकरी कुठे मिळेल’ हे पाहा, ‘कोणत्या राज्याकडून नॉमिनेशन (शिफारस) लवकर येईल’ हे त्यानंतर. रीजनल घेऊन पस्तावणारे बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात.

आधी मावसभावाची शंका. ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशनच्या भाषेत रीजनल म्हणजे सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडून जवळजवळ उरलेला सगळा देश. ४९१ व्हिसा १६ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला तेव्हापासून या व्याख्येत पर्थ, अ‍ॅडलेड, कॅनबेरा, होबार्ट, डार्विन, गोल्ड कोस्ट, सनशाइन कोस्ट, न्यूकॅसल, वूलाँगाँग, जिलाँग हे सगळं येतं. पर्थची लोकसंख्या वीस लाखांच्या वर आहे. अ‍ॅडलेडची चौदा लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण २०११ च्या जनगणनेतल्या नाशिकएवढी. विद्यापीठं, मोठी सरकारी रुग्णालयं, सिंगापूरची थेट विमानं, सगळं आहे. टाउन्सव्हिल, रॉकहॅम्प्टन, बेंडिगो ही त्याहून बरीच लहान, आणि त्याच्या खाली खरोखरची छोटी गावं. म्हणजे ‘रीजनल’ या एका शब्दाखाली पर्थही आहे आणि चार हजार वस्तीचं शेतीचं गावही. मावसभाऊ दुसऱ्याचं चित्र मनात धरून बोलतोय.

व्हिसाची रचना थोडक्यात. ४९१ तात्पुरता आहे, मुदत पाच वर्षं. तीन वर्षं तो हातात असेल, अटी पाळलेल्या असतील आणि तीन आर्थिक वर्षांच्या टॅक्सच्या ‘नोटिस ऑफ असेसमेंट’ दाखवता आल्या, की १९१ साठी अर्ज करता येतो. १९१ म्हणजे कायमचं वास्तव्य. त्याला पुन्हा पॉइंट्स नाहीत, पुन्हा राज्याचं नॉमिनेशन नाही. नागरिकत्वासाठी चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं किमान एक वर्ष पीआरवर. ४९१ वर राहिलेली वर्षं या चारांत धरली जातात. त्यामुळे रीजनलने नागरिकत्व फार लांबतं असं नाही. ४९१ एका मालकाला बांधलेला नसतो. नोकरी गेली तर व्हिसा जात नाही, त्याच भागात दुसरी शोधायची. मेडिकेअरही (तिथली सरकारी आरोग्यसेवा) पहिल्यापासून मिळतं.

यासमोर १९० या व्हिसाला राज्याचे फक्त ५ पॉइंट्स मिळतात, पण पीआर पहिल्या दिवसापासून. १८९ या व्हिसाला राज्यच लागत नाही, जागा मात्र कमी : २०२४-२५ च्या कार्यक्रमात १८९ ला १६,९०० जागा होत्या, रीजनलला ३३,०००. १९० साठी ईओआय (आमंत्रण मागणारा इच्छा-अर्ज) जरूर टाकून ठेवा, एकाच वेळी १९० आणि ४९१ दोन्ही चालतात. फक्त १९० ची वाट बघत वय वाढू देऊ नका.

आता तुमचे ६५ कसे आले ते पाहू. वय २५ ते ३२ ला ३०, पदवीला १५, परदेशातल्या आठ वर्षांच्या अनुभवाला १५, पत्नीच्या इंग्रजीला ५. बेरीज ६५. तुमच्या इंग्रजीला शून्य! आयईएलटीएसचा ओव्हरऑल इथे मोजतच नाहीत. चारही भागांत किमान ७ असतील तर १०, चारहींत ८ असतील तर २०. एका रायटिंगच्या अर्ध्या बँडने तुमचे दहा पॉइंट्स गेलेत, आणि कन्सल्टंटनी ते सांगितलं नसेल तर तो त्यांच्या कामातला मोठा दोष आहे. शिवाय ३३ पूर्ण होताच वयाचे ३० चे २५ होतात, आणि वय मोजतात ते आमंत्रण येईल त्या दिवशीचं, अर्ज भराल त्या दिवशीचं नाही. आठ महिन्यांत स्किल असेसमेंट (पदवी आणि अनुभवाची तपासणी), परीक्षा आणि राज्याचं आमंत्रण हे सगळं बसेलच असं धरू नका. ५ गेले असं समजूनच हिशेब मांडा.

वाढवता कुठे येतात? आयईएलटीएस पुन्हा द्या आणि लक्ष फक्त रायटिंगवर ठेवा. साडेसहावर अडकलेल्या इंजिनिअरांचं इंग्रजी बहुधा वाईट नसतं. टास्क दोनमध्ये प्रश्नाच्या एकाच बाजूला उत्तर दिलेलं असतं किंवा परिच्छेदात मुद्दा मांडून त्याचं स्पष्टीकरण सोडलेलं असतं. जाणकाराकडून वीसेक निबंध तपासून घेतलेत तर अर्धा बँड येतो. पुढे पत्नीचं स्किल असेसमेंट : ते झालं की तिच्याकडून मिळणाऱ्या ५ चे १० होतात. तिसरी गोष्ट मराठी माणसं विसरतात ती नाटीची (अनुवादकांना मान्यता देणारी तिथली संस्था) सीसीएल परीक्षा. ती मराठीत देता येते, ऑनलाइन होते, आणि पास झालात की ५ पॉइंट्स. दोन संवाद असतात, एक बाजू इंग्रजी बोलते, दुसरी मराठी, आणि तुम्ही दोन्हीकडे अनुवाद करायचा. ९० पैकी ६३ हवेत, शिवाय प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. लोक भाषेमुळे नापास होत नाहीत. तारीख, रक्कम, डोस, पत्ता असला तपशील गाळल्यामुळे होतात. नोट्स काढायची सवय लावा आणि भाडेकरार, विमा, दवाखाना, कोर्ट, शाळा या विषयांवरचे संवाद रोज अर्धा तास मोठ्याने करा. दोन महिने पुरतात.

हे सगळं जमलं तर वय ३३ धरूनही तुमचे ८० होतात : २५, १५, १५, इंग्रजीचे १०, पत्नीचे १०, सीसीएलचे ५. ४९१ चे १५ मिळवले की ९५. आजच्या ८० पेक्षा ही गोष्ट फार वेगळी आहे. इंग्रजीत चारही ८ आणलेत तर १०५.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, ती. तुमच्या घरात अर्जदार दोन आहेत. मुख्य अर्जदार नवराच, हे घरोघरी गृहीत धरलं जातं, कन्सल्टंटही विचारत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या लहान शहरांत माध्यमिक शाळांना गणिताचे शिक्षक मिळत नाहीत, आणि राज्यं शिक्षक-नर्स यांना आमंत्रण देताना झुकतं माप देतात. पत्नीचा हिशेब मांडून पाहा. वयाला ३०, पदवीला १५, पाच ते सात वर्षांच्या अनुभवाला १०, इंग्रजीला १०, तुमच्या असेसमेंटचे १०. झाले ७५, सीसीएल तिने दिली तर ८०. तुमच्याइतकेच, आणि तिच्याकडे ३३ ला अजून वेळ आहे.

तिची अडचण इंग्रजीची आहे. शिक्षकांचं असेसमेंट एआयटीएसएल ही संस्था करते आणि तिथे आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकमध्ये रीडिंग-रायटिंगला किमान ७ तर स्पीकिंग-लिसनिंगला किमान ८ लागतात. इंग्रजी माध्यमात सहा वर्षं शिकवणाऱ्या बाईंना हे अशक्य नाही, पण तयारीशिवाय येत नाही. याशिवाय किमान चार वर्षांचं उच्च शिक्षण हवं, त्यात शिक्षकी अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा, आणि त्यात प्रत्यक्ष वर्गात देखरेखीखाली शिकवण्याचे किमान ४५ दिवस. तीन वर्षांची बी. एस्सी. आणि दोन वर्षांची बी. एड. यात बसते. गाडी अडते ती ४५ दिवसांच्या पुराव्यावर. मार्कशीटवर ‘इंटर्नशिप’ एवढाच शब्द असतो. बी. एड. कॉलेजकडून लेटरहेडवर पत्र घ्या : कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तांना, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली. परीक्षेच्या हंगामात कॉलेज हे पत्र देत नाही, तेव्हा आत्ताच अर्ज देऊन ठेवा.

म्हणून माझा सल्ला असा : दोघांचंही असेसमेंट करा, आणि दोघांच्या नावाने वेगवेगळे ईओआय टाका. एकात तुम्ही मुख्य, एकात ती. ज्याला आधी आमंत्रण येईल त्याच्या मागे दुसरा. प्रत्येक राज्यासाठी ईओआय वेगळा करा. ‘कोणतंही राज्य चालेल’ असं लिहिलेल्या अर्जात त्या राज्याला तुमची इच्छा दिसत नाही.

तुमचं स्वतःचं असेसमेंट इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे. भारत जून २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये (इंजिनिअरिंगच्या पदव्या परस्परांनी मानण्याचा करार) आहे, पण त्याचा थेट फायदा एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) टियर-१ मान्यतेच्या पदवीलाच होतो, आणि ती स्वायत्त संस्थांना मिळते. मुंबई विद्यापीठाशी साध्या संलग्न कॉलेजची पदवी असेल तर सीडीआरचा (स्वतःच्या कामातून क्षमता दाखवणाऱ्या अहवालाचा) मार्ग धरावा लागेल. त्यात तीन करिअर एपिसोड, प्रत्येक हजार ते अडीच हजार शब्दांचा, एक समरी स्टेटमेंट आणि शिकत राहिल्याची यादी. एपिसोड ‘मी’ मध्ये लिहायचा : मी कल्व्हर्टचा डिस्चार्ज कसा काढला, पाइपचा व्यास का बदलला, कॅम्बर चुकल्यावर काय केलं. ‘आमच्या टीमने प्रकल्प वेळेत पूर्ण केला’ या वाक्याला तिथे किंमत नाही. सीडीआर तयार करून विकणारे मुंबईत पुष्कळ आहेत. घेऊ नका. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया मजकूर सॉफ्टवेअरमधून तपासते, नक्कल सापडली तर अर्ज फेटाळून पुढचा काही काळ दारच बंद करते. आणि व्हिसाच्या अर्जात खोटा कागद निघाला तर तीन वर्षं व्हिसा मिळत नाही, सोबत जोडलेल्या कुटुंबालाही.

नऊ वर्षांच्या अनुभवाचं असेसमेंट मागतानाही सावध राहा. १५ पॉइंट्सना मागच्या दहा वर्षांत आठ वर्षं भरावी लागतात, आणि ती पदवीनंतरची, इंजिनिअरच्या दर्जाच्या कामाची. मुंबईतल्या कंत्राटदारांकडे पहिली एक-दोन वर्षं ‘साइट सुपरवायझर’ नावाने, अर्धा पगार रोखीत, पीएफ नाही, अशी जातात. तुमचं एक वर्ष असं असेल तर बरोबर आठ उरतात. दोन असतील तर १५ चे १० झाले. प्रत्येक नोकरीचं लेटरहेडवरचं पत्र, त्यात हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास आणि कामाचा तपशील. त्याला दुजोरा देणारे सरकारी कागद : फॉर्म १६, २६एएस, यूएएनचं पासबुक. ‘कन्सल्टंट’ म्हणून टीडीएस कापून पैसे घेतले असतील तर फॉर्म १६ए आणि बँकेचं स्टेटमेंट.

आणि नावं! मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम, पत्नीच्या पदव्या माहेरच्या नावाने, आधारवर नवऱ्याचं नाव मधे. तिथल्या अधिकाऱ्याला ही चार माणसं वाटतात. दोघांची ‘एकच व्यक्ती’ अशी नोटराइज्ड प्रतिज्ञापत्रं करा, विवाह नोंदणीचा दाखला जोडा, पत्नीचा पासपोर्ट नव्या नावाने करायचा असेल तर असेसमेंटच्या आधी करा, मधेच नको. कलिनाहून ट्रान्सक्रिप्ट मागवायला वेळ लागतो, ते पहिल्या आठवड्यात लावून द्या. पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) आणि मेडिकल मात्र आत्ता नको. आमंत्रण आल्यावर व्हिसाच्या अर्जाला ६० दिवस मिळतात. लवकर काढून ठेवलेत तर मुदत संपते आणि दुसऱ्यांदा पैसे जातात.

आता कुठे. सिव्हिलमध्ये रस्ते आणि ड्रेनेज करणाऱ्याला काम देणारे मुख्यतः तीन : राज्याचं रस्ते खातं, स्थानिक कौन्सिल आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कन्सल्टन्सी. कौन्सिल म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी संस्था, आणि तिथल्या डिझाइन इंजिनिअर, असेट इंजिनिअर, स्टॉर्मवॉटर इंजिनिअर या जागा लहान शहरांत महिनोन् महिने रिकाम्या राहतात. तुमच्यासाठी मला अ‍ॅडलेड सर्वात पटतं. संपूर्ण दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यच रीजनल आहे, म्हणून आपला पोस्टकोड रीजनलमध्ये मोडतो की नाही ही धास्ती नाही; टॉरेन्स ते डार्लिंग्टन हा बोगद्यांचा मोठा रस्ताप्रकल्प तिथे चालू आहे; आणि पत्नीसाठी एकाच शहरात शाळा भरपूर. पर्थही पूर्ण रीजनल, पगार चढे, पण घरभाडं आणि खाण उद्योगाची तेजी-मंदी लक्षात घ्या. क्वीन्सलंडमध्ये २०३२ च्या ऑलिम्पिकमुळे कामं आहेत, मात्र तिथे इंजिनिअरला आरपीईक्यू नोंदणी लागते किंवा नोंदणीकृत इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. पहिल्या नोकरीला हे अडत नाही, पुढे बढतीला अडतं. टास्मानिया सुंदर आहे, पण नोकऱ्यांचा बाजार छोटा. डार्विनला पावसाळा, उकाडा मुंबईकराला जड जाणार नाही. शहर लहान आहे एवढंच. भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी राज्यांच्या यादीत सगळे व्यवसाय नेहमी नसतात आणि आधीच तिथे राहणाऱ्यांना बरीच राज्यं पुढे घेतात. १ जुलैला नवं वर्ष सुरू झाल्यावर दर राज्याच्या साइटवर आपला व्यवसाय आहे का ते पाहत राहा.

मावसभावाची एका बाबतीत मदत होऊ शकली असती. ४९१ ला नातेवाइकाची स्पॉन्सरशिपही चालते, त्यात सख्खे मावस-चुलत भाऊही बसतात. पण नातेवाईक स्वतः रीजनल भागात राहणारा हवा. पॉइंट कुक मेलबर्नमध्ये मोडतं, म्हणून त्याचा उपयोग नाही.

नॉमिनेशनच्या आधीपासूनच तिथल्या नोकरीची तयारी करा. काँक्रीटसाठी आपल्या आयएस ४५६ या मानकाऐवजी तिथे एएस ३६०० आहे, भारांसाठी एएस ११७०. मूळ विज्ञान तेच, कलमं आणि गुणांक वेगळे. रस्ते-ड्रेनेजच्या डिझाइनमध्ये १२डी मॉडेल हे सॉफ्टवेअर तिथे सर्रास मागतात आणि ते भारतात फारसं कोणाला येत नाही. सिव्हिल थ्रीडी तुम्हाला येत असेल तर १२डी शिकायला दोन-तीन महिने पुरे, आणि सीव्हीवर हा एक शब्द दहा ओळींचं काम करतो. साइटवर पाय ठेवायला व्हाइट कार्ड (बांधकाम सुरक्षेचं) लागतं, एक दिवसाचं प्रशिक्षण, पोचल्यावर पहिल्या आठवड्यात करा. पत्नीला राज्याच्या शिक्षक मंडळाची नोंदणी आणि मुलांसोबत काम करण्यासाठीची पडताळणी लागेल. एआयटीएसएलचं असेसमेंट म्हणजे नोंदणी नव्हे, हा गैरसमज बऱ्याच जणांचा सहा महिने पगार बुडवतो. आणि दोघांनीही गाडी चालवायला शिकून जा. लायसन्स असणं वेगळं, हात बसलेला असणं वेगळं; लोकलवर वाढलेल्या आपल्या लोकांचं अ‍ॅडलेडच्या उपनगरातसुद्धा गाडीशिवाय भागत नाही.

४९१ ची मुख्य अट आहे ८५७९ क्रमांकाची : राहणं, काम, शिक्षण तिन्ही रीजनल भागातच. दिवाळीला मावसभावाकडे चार दिवस जा, कोणी अडवत नाही. पण जिलाँगला घर घेऊन तासाभराच्या गाडीने रोज मेलबर्नला नोकरीला जाणं म्हणजे अट मोडणं. ‘कोण बघतंय’ म्हणणारे भेटतील. १९१ च्या वेळी पे-स्लिपवरचा कामाचा पत्ता बघितला जातो. पहिल्या महिन्यापासून भाडेकरार, वीजबिलं, पे-स्लिप, सुपरचं (निवृत्ती निधीचं) स्टेटमेंट, मुलीच्या शाळेचे कागद एका फोल्डरमध्ये ठेवत जा. राज्य नॉमिनेशन देताना ‘आमच्याच राज्यात राहू’ असं लिहून घेतं, तेही पाळा. आणि लक्षात घ्या, ४९१ घेतल्यावर तीन वर्षं १८९, १९०, १८६ असल्या बहुतेक व्हिसांचे अर्ज करता येत नाहीत. म्हणजे ‘आत्ता हा घेऊ, मग बदलू’ ही योजना चालत नाही.

एक हिशेब फार चुकतो. पाच वर्षांचं घड्याळ व्हिसा मिळाल्या दिवसापासून चालू होतं, विमानात बसल्यापासून नाही. एकदा जाऊन शिक्का मारून परत येऊन मुंबईत दीड वर्ष काढलंत तर साडेतीन वर्षांत तीन आर्थिक वर्षांचे टॅक्स बसवावे लागतील. तिथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये पोचा. जूनअखेरपर्यंत थोडा जरी पगार मिळाला तरी त्या वर्षाचं रिटर्न भरता येतं.

पैसे. जुलै २०२५ पासूनच्या दराने व्हिसाची फी मुख्य अर्जदाराला ४,९१०, जोडीदाराला २,४५५, मुलाला १,२३० डॉलर. तिघांचे ८,५९५, म्हणजे पाच लाख रुपयांच्या घरात. दर जुलैत वाढते. जोडीदाराला मूलभूत इंग्रजी दाखवता आलं नाही तर आणखी सुमारे ४,९०० डॉलर. तुम्हा दोघांच्याही परीक्षा होणार असल्याने हे टळेल. घरभाडं आठवड्याच्या हिशेबाने ठरतं. अ‍ॅडलेडला तीन खोल्यांचं घर साधारण ५०० ते ६५० डॉलर आठवड्याला, चार आठवड्यांचा बाँड (अनामत) आगाऊ, आणि तिथला भाड्याचा जुना रेकॉर्ड नसल्याने एका घरामागे वीस अर्ज करावे लागतात. ४९१ वाल्यांना चाइल्ड केअर सबसिडी मिळत नाही, आणि पूर्ण दर दिवसाला शंभर ते दीडशे डॉलर पडतो. मुलगी जाईपर्यंत शाळेच्या वयाची होईल म्हणून मोठा फटका वाचेल, पण शाळा सुटल्यानंतरच्या वेळेचा खर्च धरा, आणि तात्पुरत्या व्हिसावर सरकारी शाळेत फी लागते का ते त्या राज्याच्या शिक्षण खात्याकडे विचारा. राज्याराज्यांत फरक आहे. तीस लाखांतून सगळा खर्च जाऊन बावीस-तेवीस उरतील. एकाच्याही नोकरीशिवाय सहा महिने काढायला ते जेमतेम पुरतील. म्हणून मुख्य अर्जदाराने आधी जाऊन नोकरी आणि घर लावावं, दुसऱ्याने इथला पगार चालू ठेवून तीन-चार महिन्यांनी यावं. व्हिसावर पहिल्या प्रवेशाची जी तारीख असेल ती मात्र प्रत्येकाने पाळायची.

कन्सल्टंट ठेवायचाच असेल तर मारा (इमिग्रेशन एजंटांची नोंदणी करणारं ऑस्ट्रेलियाचं कार्यालय) नोंदणी क्रमांक मागा आणि तो सरकारी यादीत स्वतः तपासा. नॉमिनेशनची हमी किंवा नोकरीचं पत्र पैसे घेऊन देणारा कोणीही असो, तिथून उठा.

घर विकू नका. ४९१ वर तुम्ही टॅक्सच्या दृष्टीने तात्पुरते रहिवासी असता, म्हणून डोंबिवलीच्या भाड्यावर ऑस्ट्रेलियात कर लागत नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या रहिवाशांना तिथे जुनं घर विकत घ्यायला बंदी आहे, तेव्हा इथलं विकून तिथलं जुनं घर घेण्याचा मार्गही नाही. भारतात तुम्ही अनिवासी झालात की भाडं एनआरओ खात्यात घ्या. भाडेकरूला सुमारे ३१ टक्के टीडीएस कापावा लागतो, हे करारात लिहा आणि रिटर्न भरून जास्तीचा परत मिळवा. १९१ मिळाला की चित्र बदलतं : भाडं तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, आणि पुढे घर विकलंत तर नफा मोजताना त्या दिवसाची बाजारकिंमत हीच खरेदीकिंमत धरतात. म्हणून पीआर मिळेल त्याच महिन्यात डोंबिवलीतल्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून फ्लॅटचं मूल्यांकन करून घ्या आणि तो अहवाल जपून ठेवा.